परदेशातला निकाल बघून आपला डेक बदलावा का?

पार्लेकर_ओंकार

मंडळी, पुढच्या रविवारी दादरला आमची नेहमीची पोकेमॉन टीसीजीची (ट्रेडिंग कार्ड गेम, पत्त्यांचा खेळ) स्पर्धा आहे. वीस-बावीस जण येतात, पाच राउंड स्विस (कोणी बाद होत नाही, साधारण सारखे गुण असलेले समोरासमोर येतात), मग टॉप ४ ची बाद फेरी. मी बराच काळ गार्डेव्हॉर ईएक्स या पोकेमॉनभोवती बांधलेला डेक (साठ पत्त्यांचा संच) खेळतोय. हा डेक हातात बसायला वेळ लागतो. डिस्कार्डमधली सायकिक एनर्जी उचलून लावायची, त्या बदल्यात आपल्याच पोकेमॉनवर डॅमेज घ्यायचं, आणि कुठे थांबायचं हे दर वेळी नव्याने मोजायचं. ती मोजणी आता कुठे जमायला लागली आहे.

गेल्या शनिवार-रविवारी परदेशातली एक मोठी स्पर्धा ड्रॅगापल्ट ईएक्सच्या डेकने जिंकली. टॉप ८ मध्ये तीन ड्रॅगापल्ट. सोमवारी सकाळी मी अंधेरीला उतरेपर्यंत आमच्या ग्रुपवर चौघांनी "ड्रॅगापल्ट कोणी देतंय का" विचारून झालं होतं, आणि दुपारपर्यंत विकणाऱ्यांनी भाव चढवले होते. ज्यांनी महिन्यापूर्वी चारिझार्डसाठी पैसे घातले तेच आता तो विकायला काढताहेत.

माझं मत असं, की निकालाची यादी बघून डेक बदलणारा माणूस कायम एक आठवडा मागे असतो. तो कालच्या स्पर्धेसाठी तयार होतो. पण सगळेच बदलत असतील तर आपण न बदलून कसं चालेल, हाही प्रश्न आहेच. तुम्ही काय करता? फक्त पोकेमॉनवाल्यांनीच नाही, मॅजिक, युगिओ असे पत्त्यांचे बाकीचे खेळ खेळणाऱ्यांनीही लिहा.

टेबल_क्रमांक_१

बदल.

सविस्तर सांगतो. जिंकलेली यादी म्हणजे कोणीतरी शेकडो गेम खेळून गाळून काढलेले साठ पत्ते असतात. तिसरा बॉसेस ऑर्डर्स (समोरच्याचा मागचा पोकेमॉन पुढे ओढणारा पत्ता) हवा की नको, एनर्जी सात की आठ, हे सगळं त्याने आधीच तपासलेलं आहे. आपण नोकरी-कॉलेज सांभाळून आठवड्यात किती खेळणार? यादी जशीच्या तशी उतरवून घेण्यात काहीही कमीपणा नाही. "मी स्वतःचा डेक बनवतो" म्हणणारे बरेच जण वर्षभर हरतात आणि दोष नशिबाला देतात. आधी जिंकणारी यादी एकही पत्ता न बदलता खेळा, मग बदलायचा हक्क मिळवा.

चिंचपोकळीकर

वाचतोय. माझ्याकडे दोन ड्रॅकलोक (ड्रॅगापल्टच्या आधीचं रूप) जास्तीचे आहेत, जुन्याच भावाने. हवे असतील त्यांनी व्यनि (खासगी निरोप) करा.

जुना_मॅजिकवाला

ओंकार, चांगला विषय काढलास. मी मॅजिकचा माणूस, त्यामुळे उदाहरणं तिकडची.

निकाल बघून सगळं जग एका बाजूला झुकतं म्हणजे काय, ते आम्ही २०१६ च्या हिवाळ्यात पाहिलं. जानेवारीत मॉडर्न फॉरमॅटमधून (जुने पत्तेही चालणारा खेळप्रकार) स्प्लिंटर ट्विन आणि समर ब्लूम हे पत्ते बॅन झाले. फेब्रुवारीत अटलांटाला प्रो टूर ही बड्या खेळाडूंची स्पर्धा झाली आणि टॉप ८ मधले सहा डेक एल्ड्राझी नावाच्या प्राण्यांचे निघाले. आय ऑफ यूजिन नावाची जुनी लँड रंगहीन एल्ड्राझी दोन 'माना'ने (मॅजिकमध्ये पत्ता खेळायला लागणारी ऊर्जा) स्वस्त करत होती, आणि नव्या सेटमध्ये नेमके स्वस्त एल्ड्राझी आले होते. प्रो टूरच्या आधी फार थोड्यांना ते कळलं होतं. सोमवारपासून सगळ्यांना कळलं. पुढचे दोन महिने तुम्ही एकतर एल्ड्राझी खेळत होतात किंवा एल्ड्राझीला मारणारं काहीतरी. एप्रिलमध्ये आय ऑफ यूजिन बॅन झाली तेव्हा कुठे फॉरमॅट मोकळा झाला.

२०११ चा कॉ-ब्लेड डेक तसाच. फेब्रुवारीत पॅरिसची प्रो टूर जिंकली, आणि मग वाढतच गेलं. जूनमध्ये त्यातले जेस द माइंड स्कल्प्टर आणि स्टोनफोर्ज मिस्टिक हे दोन्ही पत्ते स्टँडर्ड फॉरमॅटमधून बॅन. २०२४ मध्ये नादू नावाचा पत्ता: जूनच्या शेवटी अॅमस्टरडॅमची प्रो टूर जिंकली, ऑगस्टच्या शेवटी बॅन.

तर मी काय म्हणतो, कधी कधी निकाल खरंच सांगत असतो की हा डेक बाकी सगळ्यांच्या वर आहे. तेव्हा हट्ट करून उपयोग नाही. आणि कधी कधी निकाल फक्त एवढंच सांगतो की त्या दोन दिवसांत त्या हॉलमध्ये हा डेक बरोबर बसला. फरक ओळखायचा कसा, तर पुढची दोन-तीन आठवडे बघायचं. सगळे त्याच्यावर नेम धरून आले आणि तरीही तो जिंकतोय का? एल्ड्राझी जिंकत राहिले. बाकीचे बहुतेक डेक तिसऱ्या आठवड्यात गळतात.

गणिताची_वही

"टॉप ८ मध्ये तीन" हे वाक्य फार फसवं आहे, त्यावर लिहितो.

समजा त्या स्पर्धेत शंभरातले पस्तीस जण ड्रॅगापल्टच खेळत होते. मग आठातले पस्तीस टक्के म्हणजे २.८. तीन आले. म्हणजे ड्रॅगापल्टने अपेक्षेपेक्षा काहीच जास्त केलं नाही, नुसती गर्दी होती. उलट एखादा डेक फक्त तीन टक्के लोकांनी आणला आणि आठात एक आला, तर तिथे बघण्यासारखं आहे. टॉप ८ बघताना हॉलमध्ये कोणता डेक किती जणांनी आणला होता ते आधी शोधा. मोठ्या स्पर्धांचे असे आकडे हल्ली मिळतात. पहिल्या दिवशी किती होते आणि दुसऱ्या दिवशी किती पोचले, हे गुणोत्तर टॉप ८ पेक्षा खूप जास्त सांगतं.

दुसरं. ६४ जण, ६ राउंड, एकही सामना बरोबरीत नाही असं धरा. प्रत्येक टेबलवर दोघांनी खेळण्याऐवजी नाणं उडवलं तरी शेवटी कोणीतरी एक जण ६-० होणारच. ती यादी सोमवारी छापून येणार आणि लोक तिच्यातल्या अठ्ठावन्नाव्या पत्त्याचं कौतुक करणार.

तिसरं, जिंकण्याची टक्केवारी. पन्नास सामन्यांत तीस जिंकले, म्हणजे साठ टक्के. ऐकायला जबरदस्त. पण एवढ्या कमी सामन्यांवर खरा आकडा साधारण ४६ ते ७४ यांत कुठेही असू शकतो. म्हणजे तो डेक हरणाराही असू शकतो.

मिहिका_म

वही, तुझं गणित बरोबर आहे, पण त्यातून निघणारा अर्थ मला पटत नाही.

नाणेफेकीचं उदाहरण एका स्पर्धेला लागू आहे. तोच डेक वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या हातांत, सलग महिनाभर दुसऱ्या दिवशी पोचत असेल तर ते नाणं नाही. ड्रॅगापल्ट मे २०२४ मध्ये आला आणि आज जुलै २०२५ मध्येही वर आहे. एप्रिलच्या रोटेशनमध्ये (जुने पत्ते स्पर्धेतून बाद होतात तेव्हा) एफ मार्कचे इतके पत्ते गेले, तरी तो टिकला. त्याचं कारण पत्त्यावरच लिहिलेलं आहे. त्याचा फँटम डाइव्ह हा अटॅक २०० डॅमेज करतो आणि वर समोरच्या बेंचवर (मागे बसलेल्या पोकेमॉनवर) सहा डॅमेज काउंटर हवे तसे वाटता येतात. एका अटॅकमध्ये दोन-दोन प्राइझ (समोरचा पोकेमॉन बाद केल्यावर मिळणारे पत्ते) निघतात. खालचा ड्रॅकलोक दर टर्नला वरचे दोन पत्ते बघून एक हातात घेऊ देतो. हे निकालाशिवायही दिसतं.

मला उलट भीती ही वाटते, की "सॅम्पल लहान आहे" म्हणत लोक आपल्या आवडत्या डेकला चिकटून राहण्याचं कारण शोधतात. निकाल अपुरे असतात, पण त्यांच्याहून चांगलं आपल्याकडे दुसरं काय आहे? आपल्या तीन मित्रांबरोबरचे जुहूच्या कॅफेतले गेम?

टेबल_क्रमांक_१

मिहिका, +१०००.

वरदाची_आई

नमस्कार. मी खेळत नाही, मुलगी खेळते, नववीत आहे. हा धागा तिनेच दाखवला. तिचं म्हणणं आहे की ड्रॅगापल्टशिवाय आता जाण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये तिचं असंच दुसऱ्या एका डेकबद्दल म्हणणं होतं, तो घेऊन दिला, आणि आता तो कपाटात आहे. एका डेकला जे पैसे जातात त्यात तिचा क्लासचा महिना निघतो. पैशापेक्षाही मला हे खटकतं की ती हरली की लगेच "डेक जुना झाला" म्हणते. मोठ्या खेळाडूंनी सांगावं, दर दोन महिन्यांनी नवा डेक घेणं खरंच गरजेचं असतं का?

रेफरी_काका

ताई, नाही. अगदी ठामपणे नाही. मी बरीच वर्षं मुलांच्या स्पर्धांना जज म्हणून बसतो. ज्युनियर-सीनियर गटात वर येणारी मुलं बहुतेक तीच, जी एकच डेक वर्षभर खेळतात. त्यांना पत्ते वाचावे लागत नाहीत, त्यामुळे डोकं समोरच्याच्या हालचालीवर असतं. वरदाला सांगा, आधी टीसीजी लाइव्ह या अॅपवर तोच डेक फुकट खेळून बघ. घरी सरावाला कागदावर नावं लिहून स्लीव्हमध्ये घातलेले पत्ते चालतात, फक्त स्पर्धेत चालत नाहीत. तरीही महिन्याने तोच हवा असेल तर बघा. आणि शक्यतो पॅक फोडू नका, सिंगल्स म्हणजे सुटे पत्ते घ्या. पॅकमध्ये हवा तो पत्ता निघेल याचा काही भरवसा नसतो.

नाशिककर_सुमेध

आणि शाळेसमोरच्या स्टेशनरीतून तर अजिबात घेऊ नका ताई. तिथले निम्मे खोटे असतात. मोबाइलचा टॉर्च मागून लावून बघा. खऱ्या पत्त्यात मध्ये काळपट थर असतो, उजेड फारसा आरपार येत नाही. खोटा पत्ता दिव्यासारखा उजळतो.

अवांतर: आमच्या वेळी डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड होते. उंची, वजन, रँक. तिथे मेटा (सध्या कोणते डेक किती खेळले जातात ते) वगैरे काही नव्हतं, ज्याच्याकडे रँक १ तो राजा.

चिंचपोकळीकर

आमच्या चाळीत रँक १ वाला पत्ता दोन मुलांत अर्धा-अर्धा वाटून घेतला होता. एक आठवडा याच्याकडे, एक त्याच्याकडे. कराराला साक्षीदार पण होते.

वरदाची_आई

काका, सुमेध, आभार. टॉर्च लावून बघितलं. अकरा पत्ते उजळले. वरदा रडवेली झाली आहे पण समजलं.

कल्याण_स्लो

ताई, वरदाला रविवारी घेऊन या. साधे, पण खरे पत्ते मी तिला देईन. आमच्याकडे डबाभर पडलेत.

आता विषयाकडे. दादरच्या स्पर्धेचा मेटा कोणत्याही साइटवर मिळत नाही, तो रेल्वेच्या पत्रकात मिळतो. रविवारी मध्य रेल्वेचा माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक असला की ठाणे, डोंबिवली, कल्याणची मंडळी निम्मी होतात. आमच्या बाजूला रेजिंग बोल्ट आणि घोल्डेंगो खेळणारे जास्त आहेत, कारण आम्ही एकमेकांकडूनच पत्ते घेतो आणि एकमेकांबरोबरच सराव करतो. आम्ही नसलो की त्या खोलीत पार्ले-अंधेरीचे ड्रॅगापल्ट उरतात. हार्बरला कुर्ला-वाशी ब्लॉक असेल तर नवी मुंबईचे दोन कंट्रोल डेक (समोरच्याला अडवत खेळणारे) गायब. मी शनिवारी रात्री आधी ब्लॉक बघतो, मग टेक कार्ड, म्हणजे ठरावीक डेकसाठी घालायचा खास पत्ता, ठरवतो. मी हे अगदी मनापासून सांगतोय.

मिहिका_म

कल्याण_स्लो, हे मी वहीत लिहून घेतलं. खरंच.

जुना_मॅजिकवाला

मुद्दा अगदी योग्य आहे. लॉर्ड्सचा स्कोअरकार्ड बघून शिवाजी पार्कवरच्या सामन्याची टीम निवडत नाहीत. तिथे निकाल लागतो त्या आठवड्यात पत्ते दुकानात मिळतात. इथे कोणाचा तरी भाऊ सिंगापूरहून येताना आणतो, नाहीतर कस्टममध्ये पार्सल अडकतं. निकाल एका रात्रीत मुंबईत पोचतो, पत्ते सहा आठवड्यांनी. त्यामुळे आपल्या खोल्यांमध्ये गेल्या तिमाहीचे डेक जास्त असतात, आणि इथे एकदा घेतलेला डेक लोक सहज सोडत नाहीत.

रेफरी_काका

जुना यांच्या मुद्द्याला एक जोड. निकाल कोणत्या नियमांखाली लागला ते कोणी बघतच नाही. जपानच्या सिटी लीगच्या याद्या सगळ्यांत आधी येतात, कारण सेट तिकडे आधी येतात. पण तिकडे स्विसमध्ये २५ मिनिटांचा एकच गेम असतो. बाकी जगात मोठ्या स्पर्धांना ५० मिनिटांत तीनपैकी दोन, वेळ संपल्यावर तीन टर्न. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी १. ही दोन वेगळी जगं आहेत. एकाच गेमला वेगाने सुरू होणारा आणि क्वचितच अडकणारा डेक हवा. तीनपैकी दोनला एखादा गेम वाईट हातामुळे गेला तरी परत येता येतं, पण घड्याळ सांभाळावं लागतं. स्टॉल करणारे हळू डेक कागदावर उत्तम दिसतात आणि प्रत्यक्षात दोन बरोबऱ्या घेऊन टॉप कटच्या (बाद फेरीच्या) बाहेर बसतात. माझ्या टेबलवर "काका, अजून पाच मिनिटं द्या ना" म्हणणारा जवळपास नेहमी असाच डेक घेऊन आलेला असतो.

आणि एक खास मुंबईची गोष्ट, जी कुठल्याच परदेशी लेखात नसते. जुलैच्या दमट हवेत फॉइल पत्ते वाकतात. कागदाचा थर ओल घेतो, चकचकीत थर घेत नाही, मग पत्ता कमानीसारखा होतो. साठातले फक्त तुमचे बॉसेस ऑर्डर्स फॉइल असतील तर डेक बाजूने बघितला तरी ते कुठे आहेत ते कळतं. जजने बघितलं तर ते मार्क्ड कार्ड धरलं जातं, मुद्दाम केलेलं नसलं तरी. उतरवलेली यादी खेळा, पण पावसाळ्यात साधे पत्ते घाला, दुहेरी स्लीव्ह घाला. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.

पार्लेकर_ओंकार

काका, माझे तीन आयोनो पत्ते फॉइल आहेत. आत्ताच डबा उघडून बघितला, तिन्ही वाकून वर आलेत. आज बदलतो.

बाकी सगळ्यांचे आभार, पण माझा मूळ प्रश्न अजून लोंबकळतोय. मी गार्डेव्हॉर ठेवू की नको? ड्रॅगापल्टसमोर मला भीती बेंचची आहे. माझे छोटे तिथेच बसलेले असतात, आणि ते सहा काउंटर त्यांच्यावरच पडतात.

अंधेरीचा_अन्या

मॅनफी हा पोकेमॉन टाक रे. बेंच वाचतो.

मिहिका_म

अन्या, ब्रिलियंट स्टार्सचा तो मॅनफी एफ मार्कचा, एप्रिलमध्येच गेला. आणि असता तरी उपयोग नव्हता. तो बेंचवरचं अटॅकचं डॅमेज अडवायचा. फँटम डाइव्ह बेंचवर डॅमेज करत नाही, काउंटर ठेवतं. तो अटॅकचा परिणाम झाला, मॅनफी त्याला अडवू शकत नाही. रॅबस्का हा पोकेमॉन अडवतो, कारण त्याच्या अॅबिलिटीत (पत्त्यावरच्या खास गुणात) बेंचवर होणारं डॅमेज आणि परिणाम दोन्ही येतात. ओंकार, तुझ्या डेकमध्ये टेक्निकल मशीन इव्होल्यूशन (पोकेमॉनला पुढच्या रूपात नेणारा पत्ता) आहेच. किर्लिया (गार्डेव्हॉरच्या आधीचं रूप) काढताना त्याच अटॅकमध्ये बेंचवरच्या रेलॉरचा रॅबस्का होतो. दोन जागा लागतील.

आणि लिलीची क्लेफेरी ईएक्स आहे ना? ती असताना समोरच्या ड्रॅगनना सायकिकची वीकनेस लागते. ड्रॅगापल्टचा एचपी ३२०. क्लेफेरीचा अटॅक २० अधिक दोन्ही बेंचवरच्या प्रत्येक पोकेमॉनमागे २०. दोन्ही बाजूंचे मिळून सात जण बेंचवर असतील तर १६०, वीकनेसने दुप्पट, बरोबर ३२०. तू बेंच भरलीस की तो एका फटक्यात जातो. तुझा डेक ड्रॅगापल्टला घाबरणारा नाहीच मुळी. निकाल बघून तू घाबरलायस, मॅचअप खेळून नाही.

टेबल_क्रमांक_१

बेंच भरली की त्याला काउंटर ठेवायला जागाही भरपूर मिळते हं. आणि रॅबस्काला बॉसने पुढे ओढून आधी मारला की पुढच्या टर्नला बेंच उघडी. ड्रॅगापल्ट खेळणारे काही झोपलेले नसतात.

मिहिका_म

पण त्यात त्याचा एक सपोर्टर (टर्नला एकच खेळता येणारा पत्ता) गेला आणि एकच प्राइझ मिळालं. तो टर्न मला चालेल.

गणिताची_वही

टेक कार्ड किंवा "ड्रॅगापल्टला मारणारा डेक" केव्हा घ्यावा, याचा साधा हिशोब देतो. कोणालाही घरी करता येईल.

समजा एक डेक ड्रॅगापल्टला ६५ टक्के वेळा हरवतो, पण बाकी सगळ्यांसमोर ४५ टक्केच जिंकतो. खोलीत ४० टक्के ड्रॅगापल्ट असतील तर तुमची सरासरी ५३ टक्के. खोलीत १० टक्केच असतील तर तीच सरासरी ४७ वर येते. तोच डेक, तोच खेळाडू. मधली रेषा कुठे? बरोबर २५ टक्क्यांवर. खोलीतला पाव हिस्सा ड्रॅगापल्टचा असेल तर हा डेक ना नफा ना तोटा. त्याहून जास्त असेल तर न्या, कमी असेल तर घरी ठेवा.

मिहिकाला माझं उत्तर यातच आहे. निकालांना मी महत्त्व देतोच. पण "काय जिंकलं" म्हणून नाही, "रविवारी समोर काय येईल" म्हणून. जिंकलेली यादी माझ्यासाठी समोरच्याच्या हाताचा अंदाज आहे. आणि तो अंदाज मुंबईत कल्याण_स्लोच्या ब्लॉकने आणि जुना यांच्या सहा आठवड्यांनी कापायचा.

मिहिका_म

हे मान्य. "जिंकलेलं खेळा" आणि "जिंकलेल्याच्या विरुद्ध खेळा" यांत निवड करायला आधी खोली मोजावी लागते, एवढं तर मी पण म्हणतेय.

जुना_मॅजिकवाला

पोकेमॉनच्या वर्ल्ड्सचंच (जागतिक स्पर्धेचंच) उदाहरण घ्या ना, तुमच्याच खेळातलं. २०२४, होनोलुलू. चिलीचा फर्नांडो सिफुएंतेस आयर्न थॉर्न्स ईएक्स घेऊन जिंकला. त्या पत्त्याचं काम एवढंच, की तो पुढे उभा असेपर्यंत रूल बॉक्सवाल्यांच्या (ईएक्ससारख्या खास पोकेमॉनच्या) अॅबिलिटी बंद, 'फ्यूचर' खुणेचे सोडून. आधीच्या निकालांमध्ये जे डेक वर होते त्यांतले कितीतरी नेमके अशाच अॅबिलिटींवर चालत होते. त्याने निकाल वाचले असणारच. आणि वाचून उलट दिशेने गेला.

टेबल_क्रमांक_१

आणि पुढच्या सोमवारी सगळ्यांनी आयर्न थॉर्न्स शोधले असतील.

रेफरी_काका

शोधले तर. २०१६ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शिंतारो इतो मेगा ऑडिनो घेऊन वर्ल्ड्स जिंकला, तेव्हाही तेच. ज्या पत्त्याकडे कोणी बघत नव्हतं तो एका रात्रीत महाग. पण अशा डेकची निम्मी ताकद कोणी तयारी करून आलेलं नसतं यात असते. पोकेमॉनमध्ये समोरच्याची यादी आधी बघायला मिळत नाही, म्हणून ते जमतं. जिंकल्यावर ती ताकद संपते. चकित करून जिंकलेला डेक दुसऱ्या आठवड्यात उतरवून घेणं, हे मला सगळ्यांत वाया गेलेले पैसे वाटतात.

टेबल_क्रमांक_१

काका, हे मी मानतो. माझं म्हणणं महिनोन्महिने टिकलेल्या याद्यांबद्दल आहे. एका दिवसाच्या चमत्काराबद्दल नाही.

पार्लेकर_ओंकार

रविवार झाला. वृत्तांत देतो, कारण बऱ्याच जणांनी व्यनि करून विचारलं.

मी गार्डेव्हॉरच नेला, रॅबस्का १-१ (एक रेलॉर, एक रॅबस्का) घालून. मेगाब्लॉक मध्यवरच होता, तरीही कल्याण_स्लो आला, सव्वा दोन तास लावून. एकूण एकवीस जण. प्रत्येक राउंडनंतर फिरून कोण काय खेळतंय ते लिहून घेतलं. ड्रॅगापल्ट फक्त चार. ज्या चौघांनी ग्रुपवर मागितले होते त्यांपैकी दोघांना पूर्ण सेट मिळालाच नाही, ते जुनेच डेक घेऊन आले. गार्डेव्हॉर माझ्यासकट तीन, रेजिंग बोल्ट तीन, घोल्डेंगो दोन, चारिझार्ड दोन, बाकी सात जण सात वेगळे डेक.

म्हणजे वहीच्या रेषेच्या खालीच. मला पाच राउंडमध्ये ड्रॅगापल्ट एकदाच लागला. त्यात रॅबस्का दुसऱ्या टर्नला आला, त्याने बॉस वापरून तो मारला, आणि तेवढ्या वेळात माझी क्लेफेरी तयार झाली. सामना जिंकलो. बाकीच्या चार राउंडमध्ये रेलॉर पहिल्या हातात आला की मला नकोसा व्हायचा. शेवटी पाचवा, टॉप ४ थोडक्यात हुकला. स्पर्धा जिंकली ती घोल्डेंगोने.

वरदा पण आली होती आईबरोबर. कल्याण_स्लोने दिलेल्या पत्त्यांतून साधा एक-प्राइझवाला डेक बनवून खेळली, दोन राउंड जिंकली. त्यातला एक अन्याविरुद्ध.

अंधेरीचा_अन्या

पोरगी चांगली खेळते. बड्यू या पोकेमॉनने माझे आयटम पत्ते बंद केले आणि मग हसत बसली समोर.

वरदाची_आई

आल्यापासून घरात फक्त तेवढंच ऐकतेय. सगळ्यांचे खूप आभार. पुढच्या महिन्यात पुन्हा येतोय, त्याच डेकसह.

गणिताची_वही

ओंकार, ती एकवीस जणांची नोंद टाक इथे. दर महिन्याला कोणीतरी टाकत गेलं तर वर्षभरात आपल्याकडे दादरचा स्वतःचा मेटा असेल. मी शीट बनवतो. फक्त डेक, राउंड आणि निकाल, खेळाडूंची नावं नकोत.

कल्याण_स्लो

शीटमध्ये एक रकाना ब्लॉकचा ठेवा. मध्य, हार्बर, पश्चिम.

गणिताची_वही

ठेवला.

टेबल_क्रमांक_१

ओंकार, रॅबस्काच्या दोन जागांसाठी काढलं काय?

पार्लेकर_ओंकार

चौथी आयोनो आणि एक काउंटर कॅचर.

टेबल_क्रमांक_१

चौथी आयोनो काढायची नसते रे! म्हणून हुकला टॉप ४. पुढच्या वेळी रॅबस्का काढ, आयोनो परत घाल, कॅचर नसला तरी चालेल.

मिहिका_म

अजिबात नाही. कॅचर आधी परत घाल. ओंकार, गुरुवारी संध्याकाळी पार्ल्याला ये, दोन्ही याद्या घेऊन. मी ड्रॅगापल्ट आणते, टेबललाही बोलाव.